आधी टेंभा धरा

१९८७ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. अकोले तालुक्यातल्या एका गावी बँकेच्या शाखेत मी फील्ड ऑफिसर म्हणून नुकताच रुजू झालो होतो. गिरगावातल्या चाळीत वाढलेला माणूस. प्रवरेचं पाणी आणि तिथली माणसं, दोन्ही अजून अंगवळणी पडायची होती. मंगळवारचा बाजार, त्यामुळे शाखेत ही गर्दी. एवढ्यात दारातून एक फौजदार आत आला. खाकी गणवेश, पिळदार मिशा, कमरेला पिस्तूल, काखेत डायरी. तो तडक माझ्या टेबलापाशी आला आणि गरजला, "आपल्या नावाचं पकड वॉरंट आहे! चला!"

पिस्तूल लाकडाचं होतं, मिशीचा एक कोपरा सुटला होता आणि पायात रबरी चपला होत्या. मी पाच रुपयांची नोट काढली आणि मुंबईच्या हुशारीनं म्हणालो, "बाबा, तू बहुरूपी आहेस हे मला कळतं. हे घे आणि जा."

शाखेत एकदम शांतता पसरली. रोखपालाचे नोटा मोजणारे हात थांबले. मग आमचा शिपाई स्टुलावरून उठला, फौजदारापुढे हात जोडून उभा राहिला आणि काकुळतीला येऊन म्हणाला, "फौजदारसाहेब, आमचे साहेब नवे आहेत, त्यांना सोडा. काय असंल तो गुन्हा माझ्या नावावर लिवा." फौजदारानं डायरी उघडली. बायकोला न विचारता हॉटेलात भजी खाल्ल्याचा गुन्हा शिपायाच्या नावावर नोंदला गेला. बाजाराला आलेल्या दोन म्हाताऱ्यांनी साक्ष दिली. रोखपालानं जामीन भरला. सगळी शाखा पोट धरधरून हसत होती आणि मी एकटा, हातात पाच रुपयांची नोट धरून, खुर्चीत अवघडून बसलो होतो.

जाताना बहुरूप्यानं ती नोटही घेतली. म्हणाला, "पैसे घेतो साहेब. पण तुम्ही खेळला नाहीत."

ही गोष्ट अडतीस वर्षांनी आठवायला कारण घडलं ते आमच्या लेकीच्या मुलामुळे. पुण्याला इंजिनिअरिंगच्या पहिल्याच वर्षाला त्याचं वर्ष गेलं. घरात बोलाचाली झाली. शेवटी लेक म्हणाली, बाबा, थोडे दिवस त्याला तुमच्याकडे नगरला ठेवून घ्या. (आता अधिकृतपणे अहिल्यानगर, पण सत्तरीला एक वर्ष उरलेल्या माणसाच्या जिभेला थोडी सवड द्यावी लागते.) मुलगा आला तो एक बॅग, एक भलामोठा संगणक आणि कमालीचं मौन घेऊन. जेवायला यायचा, "हो", "नको", "बास" एवढं बोलून उठायचा. आमची सौभाग्यवती त्याच्या ताटात वाढायची आणि माझ्याकडे बघायची.

एका रात्री पाणी प्यायला उठलो तर त्याच्या खोलीतून आवाज येत होता. मोकळा, खेळकर, थोडा ग्राम्य ढंगाचा. "शेठ, गाडी उचलतो हो, पण आधी तुमच्या कुत्र्याला आत घ्या. मला कुत्र्याची लई भीती वाटते." मी अंधारात उभा राहिलो. गेल्या दोन महिन्यांत आम्ही त्याचं एवढं लांब वाक्य ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी काही विचारलं नाही. नुसता खुर्ची ओढून शेजारी बसलो. दोन-तीन दिवसांनी तोच सांगू लागला. 'ग्रँड थेफ्ट ऑटो' नावाचा एक खेळ आहे, त्याची पाचवी आवृत्ती २०१३ मध्ये आली. मूळ खेळ मारधाडीचा. युरोपात त्यावर अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी असा शिक्का आहे. पण हौशी मंडळींनी त्याच खेळातल्या शहरात आपापली निराळी वस्ती वसवली. तिथे एका वेळी शंभरच्या आसपास माणसं नांदतात. आपापल्या घरी संगणकासमोर बसलेली, कोणी नांदेडला, कोणी इंदूरला. प्रत्येकानं एक भूमिका घेतलेली असते. कोणी पोलीस, कोणी डॉक्टर, कोणी वकील, कोणी गॅरेजवाला. तोंडानं बोलायचं, भूमिकेतच बोलायचं, आणि जिंकायचं काहीच नाही. ज्या तांत्रिक साधनावर ही शहरं उभी राहिली, ते बनवणाऱ्यांना मूळ कंपनीनं २०२३ मध्ये आपल्या पंखाखाली घेतलं. म्हणजे हौस आता चांगलीच रुजली आहे म्हणायची.

ही कल्पना तशी जुनीच. १९७४ मध्ये अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून, फासे टाकून, सोंगं घेऊन खेळायचा खेळ निघाला. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानं संगणकावर एक जग रचायला घेतलं आणि रिचर्ड बार्टल यानं ते पुढे नेलं. चित्र नाही, आवाज नाही, पडद्यावर नुसती अक्षरं. त्या अक्षरांच्या जगातसुद्धा नवा कोण आणि जुना कोण, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होताच.

बँकेतल्या माणसाच्या मनात पहिली शंका पैशाची येणार. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये केला आहे. मी नातवाला स्पष्ट विचारलं. म्हणाला, "आजोबा, इथले पैसे खोटे असतात. खरे पैसे फक्त काही जण देतात, गर्दीच्या वेळी रांगेत पुढचा नंबर मिळावा म्हणून." म्हणजे देवळातली व्हीआयपी रांग. ते समजण्यासारखं होतं.

पण खरी मौज पुढे आहे. या गावात कोणालाही सरळ शिरता येत नाही. अर्ज करावा लागतो! तुमचं पात्र कोण, कुठलं, त्याचा पूर्वेतिहास काय, नियम वाचलेत का. मग तोंडी मुलाखत. आमच्या चिरंजीवांचा अर्ज दोनदा फेटाळला गेला होता, आणि इंजिनिअरिंगच्या नापासापेक्षा तेच त्याला जास्त लागलं होतं, हे मला हळूहळू उमगलं.

मी म्हटलं, दाखव. आयुष्यभर मी कर्जाचे अर्जच वाचले आहेत. म्हैस घेण्यासाठी, विहिरीसाठी, पिठाच्या गिरणीसाठी. अर्ज वाचून माणूस ओळखायचा आणि मग गावात जाऊन, आपण ओळखलेला माणूस आणि खरा माणूस यांत किती अंतर आहे ते बघायचं, हा माझा धंदा. नातवाच्या अर्जातला नायक अनाथ होता, लहानपणी त्याच्या डोळ्यांदेखत आईवडिलांचा खून झाला होता, त्याला सगळी शस्त्रं चालवता येत होती आणि तो कोणालाच भीत नव्हता. मी चष्मा काढला. "अरे, याला कर्जाची गरजच नाही. याला कोणाचीच गरज नाही. मग गावानं याला घ्यायचं कशाला?"

त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून नवा माणूस घडवला. कादंबऱ्या लिहिताना जे करतो तेच. त्याला एक धंदा दिला, बंद पडलेल्या गाड्या ओढून नेण्याचा. एक खोड दिली, दर वाक्याला 'शेठ' म्हणायची. आणि एक भीती दिली, कुत्र्यांची. मुलाखतीला मी खोलीतच होतो, श्वास रोखून. पलीकडचा परीक्षक आवाजावरून विशीतलाच वाटत होता, पण थाट निवड समितीच्या अध्यक्षाचा. त्यानं विचारलं, "रस्त्यात कोणी तुमच्या कपाळाला बंदूक लावली तर काय कराल?" नातू क्षणभर थांबला. म्हणाला, "घाबरीन. गाडी देईन. आणि घरी जाऊन बायकोला सांगीन की चार जण होते."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. अर्ज मंजूर.

पुढे कळलं की हा त्यांचा पहिला नियम आहे. बंदूक खोटी असली, मरण खोटं असलं, तरी जिवाची भीती खरी धरायची. जो घाबरत नाही तो समोरच्याचा खेळ मोडतो. दुसरा नियम असा, की तुम्हाला खेळाडू म्हणून जे ठाऊक आहे ते तुमच्या पात्राला ठाऊक नसतं. ते वापरलंत तर तुम्ही लबाड. याला ते 'मेटागेमिंग' म्हणतात. मी मनात म्हटलं, लेका, हाच गुन्हा मी १९८७ साली भर शाखेत, साक्षीदारांसमक्ष केला होता. बहुरूपी आहे हे शिपायालाही कळत होतंच की! पण त्याला घाबरता येत होतं. मला येत नव्हतं.

(जाता जाता एक सांगायला हवं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. पोटासाठी गावोगाव भटकणारी माणसं. त्यानंतर खोटी खाकी चढवून अनोळखी गावात शिरायला कोणाची छाती होईल? आमच्या शाखेत आलेला फौजदार कुठल्या गावचा, हेही मी तेव्हा विचारलं नव्हतं.)

आता माझी दुसरी फजिती सांगतो. ती जास्त लाजिरवाणी आहे आणि मी ती आजवर कागदावर उतरवलेली नाही.

त्याच गावात एक हौशी नाट्यमंडळ होतं. चैत्रातल्या जत्रेला दर वर्षी नाटक. तालमी शाळेच्या पडवीत, पडदे भाड्यानं नगरहून, आणि पात्रांत सोसायटीचा सचिव, दोन शिक्षक, एक कंपाउंडर असे सगळे. पडद्याआडचा आणि पडद्यावरचा प्राण म्हणजे अण्णा. शिंपीकाम करायचे. ठेंगणे, पण राजाचा अंगरखा चढवला की हात-दीड हात उंच झाल्यासारखे वाटायचे. १९८८ साली मंडळानं वसंत कानेटकरांचं 'रायगडाला जेव्हा जाग येते' करायचं ठरवलं आणि मंडळाचे अध्यक्ष स्वतः माझ्या खोलीवर आले. "साहेब, महाराजांची भूमिका तुम्हीच करायची. तुमची वाणी शुद्ध!"

मी हुरळलो. कॉलेजात एकांकिका केल्या होत्या. गावात येऊन वर्षही झालं नव्हतं आणि गाव मला थेट सिंहासनावर बसवत होतं! त्याआधी अकरा वर्षं मंडळाच्या प्रत्येक ऐतिहासिक नाटकातला राजा अण्णा करत होते, हे मला ठाऊक होतं. ते विचारावं असं मात्र मला वाटलं नाही. अण्णांनी स्वतः माझ्या मापाचा अंगरखा शिवला. माप घेताना एवढंच म्हणाले, "हात जरा वर करा साहेब."

प्रयोगाला पटांगण भरलेलं. पहिला अंक निभावला. दुसऱ्या अंकात ऐन भरात आलो आणि मेंदू कोरा झाला. पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. विंगेतून प्रॉम्प्टर जीव तोडून सांगतोय, पण वाऱ्यानं पडदा फडफडतोय आणि मला ओठांच्या हालचालीपलीकडे काही कळत नाही. दहा सेकंद गेली असतील. रंगमंचावरची दहा सेकंदं ज्यानं भोगली त्यालाच त्यांची लांबी ठाऊक. तेवढ्यात मागे भाला धरून उभा असलेला हुजऱ्या दोन पावलं पुढे आला, त्यानं मुजरा केला आणि नाटकात नसलेलं वाक्य खणखणीत आवाजात म्हटलं. महाराजांची तब्येत ठीक नसेल तर शंभूराजांना उद्या यायला सांगू का, अशा अर्थाचं. त्या एका वाक्यानं मला धागाही मिळाला आणि माझ्या गप्प राहण्याला कारणही मिळालं. प्रेक्षकांना वाटलं, केवढा मोठा नट आहे, काय थांबला! टाळ्या पडल्या.

हुजऱ्या म्हणजे अण्णा.

रंग उतरवताना मेकअप करणारा म्हातारा सहज बोलून गेला, "अध्यक्षांचं पाइपलाइनचं कर्जप्रकरण तुमच्याच टेबलावर आहे ना साहेब?" तोंडाला खोबरेल तेल फासलेलं होतं म्हणून बरं. प्रकरण नियमात बसत होतं. मी ते मंजुरीसाठी पुढे पाठवलं. पण शेरा लिहिताना पेन जड झालं होतं. गावानं मला आत घेतलं नव्हतंच. माझ्या खुर्चीला घेतलं होतं, आणि तिच्यावर मी बसलेला होतो इतकंच.

आमच्या नगरला सोंगाची परंपरा मोठी. शाहू मोडक १९१८ साली इथेच जन्मले. मराठी ख्रिस्ती घरातला हा मुलगा १९३२ च्या 'श्यामसुंदर' चित्रपटात कृष्ण झाला, आणि १९४० साली 'प्रभात'च्या चित्रपटात ज्ञानेश्वर. ज्या जिल्ह्यातल्या नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच जिल्ह्यातला एक ख्रिस्ती तरुण ज्ञानेश्वर म्हणून पडद्यावर आला आणि घराघरातल्या भाविकांनी तो आपला मानला. मधुकर तोरडमल इथल्या अहमदनगर महाविद्यालयात इंग्रजी शिकवत होते. सदाशिव अमरापूरकर इथेच वाढले. या मंडळींकडे कर्जप्रकरणं नव्हती. त्यांना ज्यांनी मानलं, त्यांनी सोंगाकडे बघून मानलं.

दुसऱ्या वर्षी मी अण्णांच्या दुकानात गेलो. शिवणयंत्र थांबलं नाही. मी म्हणालो, "यंदा राजा तुम्ही. मला पडदा ओढायचं काम द्या." त्यांनी दोरा दातानं तोडला. "जमंल?"

जमलं नाही. पडदा ओढणं ही काय चीज आहे हे खुर्चीतल्या माणसाला कळायचं नाही. दोन दोऱ्या, एक उघडायची, एक मिटायची. कप्पी अडते, अंधारात दोरी कुठली ते समजत नाही, आणि वेळ चुकली तर मेलेलं पात्र सगळ्यांसमक्ष उठून जातं. १९८९ चा प्रयोग मी कसाबसा रेटला. मंडळाच्या सतरंज्या उचलल्या, गॅसबत्त्यांचे मेंटल बदलले, तालमीला चहा सांगितला. तरी मी 'साहेब'च. मी आलो की बिड्या विझायच्या आणि विनोद अर्ध्यावर थांबायचे.

त्याच सुमारास वसुलीसाठी डोंगराकडच्या एका वाडीवर गेलो असताना रात्री बोहाडा पाहिला. अकोल्याच्या आदिवासी पट्ट्यात, नाशिक-पालघरकडे असतो तसाच, देवादिकांचे आणि राक्षसांचे मुखवटे घालून हा उत्सव होतो. संबळ-पिपाणीच्या तालावर एकेक सोंग नाचत येतं. मी शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, "बाहेरच्या माणसाला मुखवटा मिळतो का हो?" तो माझ्याकडे बघून हसला. गणपतीचं सोंग त्याच्या चुलत्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं होतं. म्हणाला, "मिळंल की. आधी टेंभा धरा. उजेड नीट दावला तर सोंग चांगलं दिसतं. मग बघू."

नातवाला ही गोष्ट सांगितली तेव्हा तो म्हणाला, "आजोबा, सेम." त्याच्या गावातही नव्या माणसानं आधी कचऱ्याची गाडी चालवायची, पार्सलं पोचवायची. पोलीस व्हायचं तर महिनोन् महिने. जो आल्या आल्या हाणामाऱ्या करतो त्याला काढून टाकतात. आणि जो दुसऱ्याच्या प्रसंगाला उजेड दाखवतो, त्याचं नाव आपोआप सगळ्यांच्या तोंडी होतं. नातू ओढगाडीवाला, म्हणजे दोघांची टक्कर झाली, भांडण रंगलं, की याचं काम त्या भांडणात योग्य वेळी येऊन 'शेठ, आधी गाड्या बाजूला घेऊ का?' एवढंच विचारणं. अण्णांचा हुजऱ्या तो हाच!

सगळंच गोड आहे असं नाही. मी शेजारी बसून जे ऐकलं त्यात जुन्यांचा माज होता, नव्याला दमात घेणं होतं, कंपूबाजी होती. एक मुलगी वकिलाची भूमिका करायची. तिनं तोंड उघडलं की दोन-तीन जण भूमिका सोडून भलतंच काही बोलायला लागायचे. नातवानं एकदा त्यांची तक्रार केली, तर त्याच्यावरच आठवडाभर बहिष्कार. खोट्या गावातही चावडी खरी असते. आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागणं आहेच; त्यावरून आमच्या घरात भांडणं झाली, अजूनही होतात. अभ्यासाचं काय, हा सौभाग्यवतींचा प्रश्न बिनतोड आहे. ऑक्टोबरच्या परीक्षेला तो बसला. निकाल यायचा आहे.

१९९० च्या जत्रेत दुसऱ्यांदा दोरी माझ्या हाती होती. दुसऱ्या अंकाच्या शेवटी मी नाटक बघण्यात इतका गुंगलो की पडदा पाडायचाच राहिला. अण्णा रंगमंचावरून, राजाच्या वेषात, प्रेक्षकांकडे पाठ करून दबक्या आवाजात खेकसले, "अरे ए झोपाळ्या, ओढ की दोरी!" मी ओढली. अंधारात दोरी धरून उभा राहिलो आणि मग लक्षात आलं. 'अरे' म्हणाले. तीन वर्षांत या गावात मला कोणी 'अरे' म्हटलं नव्हतं. त्या रात्री माझ्यासमोर बिड्या विझल्या नाहीत.

जूनमध्ये माझी बदली झाली.

परवा संध्याकाळी पाऊस आला आणि वीज गेली. नातू खोलीबाहेर येऊन आमच्याबरोबर ओट्यावर बसला. पंधरा-वीस मिनिटांनी त्याचा मोबाइल वाजला. पलीकडे कोणी अनोळखी मुलगा, त्याच गावातला. आवाज मोठा होता, मला ऐकू आलं. "अरे कुठे मेलास? इथे पुलावर दोन गाड्या आडव्या पडल्यात, आम्ही सगळे तुझ्यासाठी थांबलोय!" नातू म्हणाला, "लाइट गेलीय रे." पलीकडून आवाज आला, "बरं, मग थांबतो." नातवानं मोबाइल खिशात ठेवला. त्याचा चेहरा अंधारात दिसत नव्हता. आजीला म्हणाला, "कांद्याची भजी करशील का गं?"

मी आत गेलो आणि बॅटरीच्या उजेडात जुन्या फायलींचा गठ्ठा सोडला. १९९१ च्या मार्चमधलं एक पोस्टकार्ड मी जपून ठेवलं आहे. शिंप्याचं ठसठशीत, तिरकं अक्षर. 'जत्रा एकोणीस दिवसांवर आली. पडदा ओढायला माणूस नाही. ये.'

त्या आठवड्यात शाखेचं ऑडिट होतं. मी गेलो नाही.